दोष कोणी मोजावा?

स्वतःच्या हाताने गोळ्या खाऊन मरणाच्या दारात गेलेल्या माणसाला दुसऱ्या माणसाचे यकृत द्यावे काय, हा प्रश्न मला प्रथम एका आईने विचारला. त्यानंतर तासाभरातच एका पत्नीने तोच प्रश्न अगदी उलट बाजूने विचारला. गुरुविद्यालयात शिकलेले जे उत्तर मी दोघींना दिले, त्याने दोघींपैकी एकीचेही समाधान झाले नाही. या गोष्टीला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. उत्तर चुकीचे होते असे आजही मला वाटत नाही. मात्र ते मी फार लवकर आणि फार सहज दिले, असे वाटते.

२००३ सालचा उपवासकाळ होता. उच्च शिक्षणासाठी मी तेव्हा इंग्लंडमध्ये होतो आणि सुट्टीच्या दिवसांत दक्षिणेकडील एका लहान शहराच्या धर्मग्रामात साहाय्य करीत असे. तिथल्या रुग्णालयातील कॅथलिक रुग्णांना भेटणे, त्यांना कम्युनियन नेऊन देणे, हे काम माझ्याकडे होते. एका सोमवारी दुपारी परिचारिकेने मला विशीतल्या एका मुलीकडे पाठविले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) शनिवारी रात्री तिने घरातल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या एकदम खाल्ल्या होत्या. रविवारी दुपारी भीती वाटू लागली तेव्हा बहिणीला सांगितले आणि बहिणीने रुग्णालयात आणले. मी गेलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, टोस्ट खात होती. उलट्या थांबल्या होत्या. “फादर, मी मूर्खपणा केला. आज मला घरी सोडतील ना?” असे तिने विचारले. तिच्या तोंडावरची लाज पाहून मला हायसे वाटले, कारण लाज हे जगण्याकडे वळल्याचे लक्षण आहे असे मी मानीत होतो. बाहेर येऊन तिच्या आईला मी म्हणालो, “देवाची कृपा. धोका टळला.”

ते वाक्य उच्चारण्याचा मला काही एक अधिकार नव्हता.

पॅरासिटामॉल म्हणजे आपल्या घरोघरी असणारी तापाची गोळी. कुणी तिला क्रोसिन म्हणतो, कुणी डोलो. योग्य मात्रेत हे औषध इतके सौम्य आहे की तान्ह्या बाळालाही देतात. यकृत त्याचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. थोडासा भाग मात्र एका विषारी द्रव्यात बदलतो आणि त्याला निष्प्रभ करण्यासाठी यकृताने ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य साठवून ठेवलेले असते. मात्रा अतोनात झाली की हा साठा आटतो आणि विष यकृताच्या पेशींवरच तुटून पडते. यावर उतारा आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध शिरेतून दिले असता आटलेला साठा पुन्हा भरून निघतो. एडिंबरा येथील डॉ. प्रेस्कॉट यांनी १९७० च्या दशकात त्याचा उपयोग दाखवून दिला. पहिल्या आठ तासांत ते दिले गेले तर यकृत जवळजवळ हमखास वाचते. उशिरा दिले तरी फायदा होतो, पण खात्री उरत नाही.

या विषाचा खरा कपटीपणा दुसऱ्या दिवशी दिसतो. पहिल्या दिवशी मळमळ, उलट्या, कधी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी रुग्णाला बरे वाटू लागते. तो बोलतो, खातो, पश्चात्ताप करतो, घरी जाण्याची भाषा करतो. आणि त्याच वेळी आत यकृत मरत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, रक्त गोठेनासे होते, मूत्रपिंडे थकतात, बुद्धीवर गुंगीचा पडदा पडतो. झोपेत शांतपणे येणारे मरण अशी ज्यांची कल्पना असते त्यांनी हे मरण पाहिलेले नसते. ते सावकाश येते, आणि पुष्कळदा माणसाने जगायचे ठरविल्यानंतर येते.

त्या संध्याकाळी वॉर्डात एक तरुण डॉक्टर तिच्या पलंगापाशी कागद घेऊन उभा होता. कागदावर त्याने दोन रकाने आखले होते. डावीकडे गोळ्या घेतल्यापासून उलटलेले तास, उजवीकडे रक्त गोठण्यास लागणारे सेकंद. निरोगी माणसाचे रक्त त्या चाचणीत बारा-चौदा सेकंदांत गोठते. रविवारी संध्याकाळी, वीस तासांनंतर, तिचे एकोणीस सेकंद होते. सोमवारी सकाळी चौतीस तासांनंतर एक्केचाळीस. आता चव्वेचाळीस तास झाले होते आणि सेकंद होते अठ्ठावन्न. “सेकंदांनी तासांना मागे टाकले की आम्ही थांबत नाही,” तो म्हणाला, “यकृताच्या तज्ज्ञांना फोन करतो.” रक्त गोठविणारी द्रव्ये यकृतच तयार करते. त्यामुळे हे सेकंद म्हणजे यकृताने स्वतःविषयी दिलेली साक्ष असते, आणि रुग्णाच्या चेहऱ्यापेक्षा ती अधिक खरी असते. चेहरा पाहून मी आईला धीर दिला होता. त्याने रक्त पाहिले होते.

आणखी एक गोष्ट तिथे घडली, जी मी अनेकदा आठवली आहे. रक्त गोठत नाही तर दात्यांच्या रक्तातला द्रव भाग चढवून ते सुधारावे काय, असे एका परिचारिकेने विचारले. डॉक्टर म्हणाला, रक्तस्राव होत नसताना तो देऊ नये. आकडा सुधारेल, यकृत सुधारणार नाही, आणि लंडनच्या डॉक्टरांना खरी स्थिती कळण्याचा मार्ग बंद होईल. आपल्या कुटुंबांतून हा आकडा सुधारण्याचा उद्योग आपण किती करतो! मुलीने गोळ्या खाल्ल्या तर “तिचे पोट बिघडले आहे” म्हणतो, मुलगा दिवसचे दिवस खोलीबाहेर येत नसेल तर “अभ्यासाचा ताण” म्हणतो. पण हा विषय वेगळा. मूळ गोष्टीकडे वळतो.

लंडनच्या दक्षिण भागात किंग्ज कॉलेज रुग्णालय आहे. तेथील यकृत विभाग डॉ. रॉजर विल्यम्स यांनी १९६६ साली स्थापन केला. कोणत्या रुग्णाचे यकृत आपोआप सावरेल आणि कोणाचे सावरणार नाही, हे आधी कसे ओळखावे, या प्रश्नाशी त्या विभागाने पुष्कळ वर्षे झुंज घेतली. १९८९ साली डॉ. ओ'ग्रेडी, डॉ. विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९७३ ते १९८५ या काळातील ५८८ रुग्णांच्या नोंदी तपासून काही निकष प्रसिद्ध केले. आज जगभर ते ‘किंग्ज कॉलेज निकष’ म्हणून ओळखले जातात. पॅरासिटामॉलच्या रुग्णासाठी ते थोडक्यात असे: पुरेसे सलाईन देऊनही रोहिणीतील रक्ताचा पी.एच. ७.३ च्या खाली राहिला, म्हणजे रक्त आम्ल झाले, तर यकृतारोपणाचा विचार करावा. अथवा तीन गोष्टी एकाच वेळी आढळल्या तर करावा: गोठण्याचा काळ शंभर सेकंदांच्या वर, मूत्रपिंडे थकल्याचे दर्शविणारे क्रिएटिनिन ३०० मायक्रोमोलच्या वर आणि गुंगी तिसऱ्या वा चौथ्या पायरीची. पुढे रक्तातील लॅक्टेटचे प्रमाणही हिशेबात घेतले जाऊ लागले.

हे निकष आरोपणाचे आहेत. तज्ज्ञांकडे पाठविण्याचे नव्हेत. पाठवायचे ते त्याच्या कितीतरी आधी, रुग्णाला अद्याप बरे वाटत असताना. शंभर सेकंद होईपर्यंत गावच्या रुग्णालयात थांबणारा डॉक्टर सावध नसतो, उशिरा पोहोचलेला असतो. गुंगी चढलेल्या, मेंदूला सूज आलेल्या रुग्णाला रुग्णवाहिकेतून शंभर मैल नेणे हेच एक संकट असते. म्हणून त्या तरुण डॉक्टरचा फोन हा निकाल नव्हता. ‘हे माझ्या हाताबाहेर जाण्याआधी तुमच्या हाती असावे’ एवढेच त्याचे म्हणणे होते. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात आपण तेल आणि द्राक्षारस यांवर पुष्कळ प्रवचने देतो; पण त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि उतारशाळेच्या रखवालदाराच्या स्वाधीन केले, हे आपण घाईने वाचून टाकतो. आपल्या दयेला मर्यादा आहे हे ओळखून दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हाही त्या दयेचाच भाग होता. आणि त्या माणसाने असल्या बदनाम वाटेने एकट्याने प्रवास का केला, असे कोणी विचारल्याची नोंद शुभवर्तमानात नाही.

लंडनशी बोलणे झाल्यावर आई माझ्याकडे आली. ती आयरिश वंशाची, जुन्या वळणाची कॅथलिक. तिने हळूच विचारले, “फादर, असे स्वतःच्या हाताने केलेल्याला ते दुसऱ्याचे यकृत देतील? आणि दिले तर ते घेणे पाप होणार नाही ना?” मी म्हटले, पाप होणार नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाचा मी आधार दिला. आत्महत्या ही गंभीर नैतिक चूक आहे, परंतु मनाचे तीव्र आजार, भयंकर यातना वा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, अशी ती शिकवण. ती मान हलवीत राहिली. तिच्या लहानपणी तिच्या गावात अशा मृताला मिस्सा मिळत नसे, हे तिला आठवत असणार. १९१७ च्या धर्मविधानसंहितेत जाणूनबुजून आत्मघात केलेल्यास ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. १९८३ च्या संहितेत तो उल्लेख उरला नाही. कायद्यातील ओळ जाते, पण लोकांच्या मनातली दफनभूमीची कडेची जागा लवकर जात नाही. आपल्या वसईतील वडीलधाऱ्यांना हे सांगायला नको.

तासाभराने खालच्या मजल्यावरील वॉर्डात मी एका गृहस्थांना कम्युनियन देण्यास गेलो. त्यांना यकृताचा जुना आजार होता, दारूशी ज्याचा काही संबंध नाही असा. पोटात पाणी साठत असे, ते काढून घेण्यासाठी त्यांना पुनःपुन्हा यावे लागे. कित्येक महिन्यांपासून ते आरोपणाच्या यादीत होते. मुलीची बातमी कशी कोण जाणे त्यांच्या पत्नीपर्यंत पोहोचली होती. इंग्लंडमध्ये यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णांची एक वेगळी अतितातडीची यादी असते आणि देशभरातून मिळणाऱ्या यकृतावर तिचा हक्क आधी असतो, हे त्या बाईंना ठाऊक होते. त्या ओरडल्या नाहीत. “फादर, माझे पती रोज जगण्यासाठी धडपडतात. त्या मुलीने मरण्यासाठी गोळ्या खाल्ल्या. आणि उद्या यकृत आले तर ते तिला मिळेल. माझ्या पतीने काय पाप केले, एवढे मला सांगा,” असे त्या म्हणाल्या.

साधारण उपाय आणि असाधारण उपाय हा भेद आम्हाला सेमिनरीत घासूनपुसून शिकविलेला होता. बारावे पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे केलेले भाषण मला तोंडपाठ म्हणावे इतके ठाऊक होते. पण रुग्णाने स्वतः किती उपचार स्वीकारावेत, याविषयी तो भेद बोलतो. एका यकृताकडे दोन माणसे पाहत असतील तर काय करावे, हे त्यात नाही. त्याचे उत्तर मला नुकतेच वाचनात आलेल्या एका भाषणात सापडले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० सालच्या ऑगस्टमध्ये रोम येथे आरोपणतज्ज्ञांच्या जागतिक मेळाव्यात सांगितले की, दान मिळालेले अवयव देताना वय, वंश, धर्म, सामाजिक स्थान यांचा भेद नसावा, आणि माणूस समाजाला किती उपयोगी आहे हेही पाहू नये; निर्णय वैद्यकीय कारणांवरच व्हावा. हे मी त्या बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “पोप बरोबरच असतील.” आणि पतीच्या पायांवरचे पांघरूण त्यांनी नीट केले.

त्या रात्री खोलीवर परतल्यावर झोप आली नाही. बाईंचा प्रश्न अन्यायाचा नव्हता. न्यायाची भाषा त्याच बोलत होत्या. जो नियम पाळतो त्याच्या आधी नियम मोडणारा का, हा थोरल्या मुलाचा प्रश्न आहे, आणि पहाटेपासून द्राक्षमळ्यात राबलेल्या मजुरांचाही. त्या दाखल्यांवर प्रवचन करताना आपण थोरल्या मुलाला आणि मजुरांना फार लवकर गप्प करतो. निदान त्या दाखल्यात मालकाच्या थैलीत सर्वांना पुरेल इतकी नाणी होती. इथे नाणे एकच होते.

तरीही, मुलीचा दोष हिशेबात घ्यावा, असे मला त्या रात्री पटले नाही आणि आजही पटत नाही. कारण दोष मोजायला गेले की तो हाती लागत नाही. पॅरासिटामॉलने यकृत गमावलेले सर्वच रुग्ण मरण मागत नसतात. दाढ दुखते म्हणून कुणी दोन-तीन दिवस ठरलेल्या मात्रेहून अधिक गोळ्या घेत राहतो, त्यातच सर्दीचे औषध घेतो, ज्यात पुन्हा पॅरासिटामॉल असते. एडिंबरा येथील यकृत विभागाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे थोडे थोडे करून जास्त औषध गेलेले रुग्ण, एकदम गोळ्या खाल्लेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात दगावल्याचे आढळले; कारण आपल्याला विषबाधा झाली आहे हेच त्यांना कळलेले नसते आणि ते उशिरा येतात. म्हणजे निरपराध तो अधिक संकटात. विष अपराध पाहून चढत नाही. मग उपचाराने तरी अपराध का पाहावा? आणि दाढदुखी कोठे संपते व निराशा कोठे सुरू होते, हे रात्री दोन वाजता कोणता डॉक्टर सांगू शकेल? दुःखी माणसाचे दातही दुखतात.

दुसरी गोष्ट मला पुढे कळली आणि तिने माझ्या विचाराला मोठा आधार दिला. १९९८ सालच्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉलची पाकिटे लहान करण्यात आली: साध्या दुकानात सोळा गोळ्या, औषधांच्या दुकानात बत्तीस. एवढेच. ऑक्सफर्डच्या प्रा. कीथ हॉटन यांनी व सहकाऱ्यांनी २०१३ साली हिशेब मांडला तेव्हा त्यानंतरच्या अकरा वर्षांत इंग्लंड व वेल्समधील या औषधाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे त्रेचाळीस टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ज्याला मरायचेच आहे तो दुसऱ्या दुकानात जाईल, असे आपण म्हणतो. पुष्कळजण गेले नाहीत. मरण्याचा जो ‘निश्चय’ पाकीट लहान केल्याने विरघळतो, त्याला पूर्ण जाणीव व पूर्ण संमती म्हणता येईल काय? प्राणघातक पापासाठी या दोन्ही लागतात, हे पहिल्या कम्युनियनच्या वर्गातील मूलही सांगते. त्या मुलीच्या घरी औषधाचे कपाट रिकामे असते तर तो शनिवार कदाचित रडण्यात गेला असता, आणि रविवारी ती मिस्साला आली असती.

तिसरी गोष्ट त्या गृहस्थांच्या बाजूने आहे. दोष मोजण्याची पद्धत एकदा पडली की ती मुलीपाशी थांबणार नाही. यादीतल्या प्रत्येकाचा कागद उघडला जाईल: कोण काय प्याला, काय खाल्ले, डॉक्टरांचे कोणते म्हणणे ऐकले नाही. फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट यांना २००२ साली यकृत मिळाले तेव्हा इंग्लंडमध्ये हाच वाद पेटला होता. त्यांनी पुन्हा दारू घेतली आणि २००५ साली ते वारले, तेव्हा आपण बरोबर होतो असे अनेकांना वाटले. परंतु ज्याला आपण निर्दोष म्हणून यादीत पुढे आणू, तो उद्या आपल्या निर्दोषपणाचा पुरावा कोठून देणार?

इतके झाल्यावरही एक जागा उरतेच, जिथे मला ठामपणे बोलता येत नाही. आरोपणाआधी मानसोपचारतज्ज्ञ चौकशी करतात. रुग्ण गुंगीत असतो, म्हणून आईला, घरच्या डॉक्टरला विचारतात: पूर्वी असे घडले होते काय? किती वेळा? आरोपणानंतर जन्मभर घ्यायची औषधे ही घेईल काय? हे विचारणे आवश्यक आहे. नवे यकृत जगणार की वाया जाणार हे पाहिलेच पाहिजे, कारण ते देणाऱ्या मृताचा आणि त्याच्या कुटुंबाचा तो मान आहे. पण ‘ही पुन्हा तसे करील काय’ हा प्रश्न आणि ‘हिला देण्यात काय अर्थ’ हा प्रश्न दिसायला जुळे भाऊ आहेत. पहिला पुढे पाहतो, दुसरा मागे. विचारणारा थकलेला असेल, त्याच रात्री त्याने एखाद्या निर्दोष रुग्णाला गमावले असेल, तर पहिल्या प्रश्नाच्या आवाजात दुसरा केव्हा बोलू लागला हे त्याचे त्याला कळणार नाही. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला हा मोह ठाऊक असतो. म्हणूनच मला ते रुक्ष आकडे आता दयाळू वाटतात. पी.एच. काय, सेकंद किती, हे विचारणारा निकष तिचा स्वभाव विचारीत नाही.

आकडे दुसऱ्या बाजूनेही राखण करतात. मंगळवारी आईने मला लंडनहून फोन केला. मुलगी पलंगावर भ्रमात बडबडत होती, गुंगी वाढत होती, मूत्रपिंडे थकली होती. आई आता विनवीत होती की आरोपण करा. डॉक्टर थांबा म्हणत होते. तीनपैकी दोन निकष पुरे झाले होते, सेकंद ब्याण्णव होते, शंभर नव्हते. जो रुग्ण हे निकष गाठतो तो आरोपणाविना क्वचितच वाचतो. पण न गाठणाऱ्यांतलेही काही दगावतात, हे त्यांनी तिच्यापासून लपविले नाही. उलट, जिचे स्वतःचे यकृत सावरणार आहे तिचे ते काढून टाकले तर जन्मभराची औषधे आणि जन्मभराचा धोका तिच्या माथी येतो, आणि यादीतला दुसरा कोणी विनाकारण मरतो. दोन्हीकडून चूक घडू शकते, आणि चूक झाली तर ती एका माणसाचा जीव घेऊनच उघड होते. माझ्याजवळ आईला देण्यासारखे काही नव्हते. या वेळी मी ‘धोका टळला’ असे म्हटले नाही. आम्ही फोनवर जपमाळेचे एक दशक म्हटले.

गुरुवारी सेकंद ऐंशीच्या खाली आले, शुक्रवारी साठच्या. तिच्या यकृताने स्वतःच उभारी धरली. दुसऱ्या कोणाचे तिला लागले नाही. त्या बाईंच्या पतीपासून तिने काहीच हिरावले नव्हते. पण सोमवारी संध्याकाळी हे कोणालाही ठाऊक नव्हते, आणि निर्णय सोमवारी संध्याकाळीच घ्यायचा होता.

ते गृहस्थ त्याच वर्षी आगमनकाळात वारले. त्यांच्या रक्तगटाचे, त्यांना जुळणारे यकृत वेळेवर मिळाले नाही. दफनविधीनंतर त्यांच्या पत्नीने माझा हात हातात घेतला. मी सांत्वनाचे काहीतरी बोलू लागलो तर त्यांनी मध्येच विचारले, “ती मुलगी कशी आहे?” मी म्हटले, बरी आहे, कामावर जाते. “बरे झाले,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. ज्या नियमाचा मी त्यांना हवाला दिला होता त्याची किंमत मोजणारी बाई ती होती, आणि मी एक पैसाही मोजलेला नव्हता.

आपल्याकडे यकृत अचानक निकामी होण्याची कारणे पुष्कळशी निराळी आहेत: काविळीचे विषाणू, क्षयाची औषधे, आणि उंदीर मारण्याचे पिवळ्या फॉस्फरसचे मलम, ज्याला ॲसिटिलसिस्टीनसारखा खात्रीचा उतारा नाही. त्या मलमानेही पहिले एक-दोन दिवस फसवे जातात. मात्र आपल्याकडचा सर्वांत मोठा विलंब रुग्णालयात होत नाही, घरात होतो. शेजाऱ्यांना काय सांगायचे, लग्नाचे कसे होणार, पोलीस येतील काय, या विचारांत पहिले आठ तास जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे आणि त्याला शिक्षा करू नये असे सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम नाही. रुग्णालयात नोंद होते, चौकशीही होऊ शकते. पण डॉक्टरांपासून खरे लपविण्याचे कारण कायद्याने उरू दिलेले नाही. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवे असेल तर शासनाचा ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि धर्मगुरूच्या निवासाची घंटाही आहे.

गेल्या पावसाळ्यात अशीच एका रात्री ती वाजली. दारात एक बाप छत्री न घेता उभा होता. “फादर, मुलीच्या पोटात दुखते, जरा प्रार्थना करायला येता काय?” मी त्याला आत घेतले आणि विचारले, किती वाजता घेतल्या? तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “नऊच्या सुमारास असेल. तिची आई म्हणते, उलटी झाली, आता बरी झोपली आहे.” घड्याळात पावणेबारा झाले होते. झगा न घालताच मी गाडीची किल्ली घेतली. वाटेत तो रडत होता आणि हे कोणाला सांगू नका असे पुनःपुन्हा म्हणत होता. सांगणार नाही, असे मी वचन दिले. फक्त तिथल्या डॉक्टरला सर्व सांगायचे, वेळेसकट. मुलीला मागच्या सीटवर आईच्या मांडीवर निजविले. गाडी फाटकातून वळविताना मी त्याला थांबवून पुन्हा घरात पाठविले, गोळ्यांची रिकामी पट्टी आणायला.